संध्याकाळची कॅप्सूल

मी तोंडाची फटकळ. हैदराबादेत काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत लीलाबाईंचं घर विचारलंत तर लोक आधी माझं तोंड सांगतील, मग घर. आमचे हे, मुकुंदराव, हायकोर्टात पेशकार होते. दिवसभर जजसाहेबांचं ऐकून घरी आले की म्हणायचे, चला, आता वरच्या कोर्टात हजेरी. ते गेले तेव्हा मी रडले, तेराव्यानंतर दूधवाल्याशी भांडले आणि उभी राहिले. भीती म्हणून काय ती मला ठाऊक नव्हती. सारंगच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं त्या दिवशी ती माझ्या पोटात शिरली, ती अजून तिथंच आहे.

सारंग माझा एकुलता एक, एकोणतीस वर्षांचा. नामपल्लीला पेजर विकणाऱ्या कंपनीत होता. कमरेचा तो डबा वाजला की जेवता जेवता उठून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर पळायचा. पाय सुजले तर म्हणाला, आई, बूट तंग हो रहे. आमची मराठी अशीच, अर्धी इकडची अर्धी तिकडची. सून वैशाली मात्र पुण्याची, तुपात तळलेलं बोलणारी. मी 'हो'च्या जागी 'हौ' म्हटलं की तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं आणि मला ते बरोब्बर दिसायचं. ती दिलसुखनगरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. हल्ली सगळ्या पोरांना कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायचं असतं, त्यामुळे तिला संध्याकाळचीही बॅच असते.

आठ महिने सारंगचं डायलिसिस चाललं. मी म्हटलं, माझी किडनी घ्या. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, अम्मा, तुम्हाला बीपी आहे, साखर आहे, तुमची तुम्हालाच पुरेल की नाही शंका. वैशालीचं रक्त जुळलं. दवाखान्याच्या कमिटीपुढे तिला तीनतीनदा विचारलं, कुणी जबरदस्ती तर केली नाही ना? ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. बाहेर बाकड्यावर बसून मी मनात म्हणत होते, मी केली का? तोंडाने नाही केली. पण आठ महिने मी तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर काय कमी होती?

माघात ऑपरेशन झालं. नवराबायकोला एकाच सकाळी आत नेलं, शेजारशेजारच्या खोल्यांत. साडेसहा तास मी दाराबाहेर होते. माणूस अशा वेळी देवाशी सौदा करतं, मीही केला. आमचं कुलदैवत व्यंकटेश. त्याला म्हटलं, व्यंकटरमणा, हे दोघं हसत बाहेर येऊ देत, येत्या चातुर्मासात माझ्या हातून माझ्या पोराच्या तोंडात अभक्ष्याचा कणसुद्धा जाणार नाही. आता आमच्या घरात अंडंही कधी आलेलं नाही, तेव्हा हा नवस सोपाच होता. देवाला सोपा नवस बोलायचा नसतो, तो आपला माग काढतोच.

दोघं बाहेर आले. वैशालीची किडनी सारंगच्या पोटात चालू लागली. मग सुरू झाली औषधं. डॉक्टर म्हणाले, शरीराला कळतं की ही किडनी परकी आहे, ते तिला हाकलायला बघतं. म्हणून शरीराला गुंगवून ठेवायचं, जन्मभर. त्यासाठी एक करडी लांबट कॅप्सूल, सकाळी आठला एक, संध्याकाळी आठला एक. घड्याळ चुकायचं नाही. पाणी उकळून, बाहेरचं खाणं बंद, येणाऱ्याजाणाऱ्याने तोंडाला फडकं बांधायचं. महिन्यातून एकदा रक्त तपासायचं. त्या तपासणीत एक आकडा असतो, क्रिएटिनिन. मला इंग्रजी येत नाही, पण हा शब्द मी झोपेतही म्हणेन. सारंगचा एक पूर्णांक तीन होता. तो तिथंच राहिला पाहिजे, वर गेला की किडनी चालली. प्रत्येक महिन्याला रिपोर्ट हातात येईपर्यंत मी दारातून हलायची नाही.

सकाळची कॅप्सूल वैशाली द्यायची. संध्याकाळी तिची बॅच असायची, म्हणून आठची माझ्याकडे आली.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी समोरची उषा वाटीभर साबुदाणा मागायला आली. तिचा नवरा गावाबाहेरच्या औषधांच्या कारखान्यात आहे. मी सारंगची कॅप्सूल ताटलीत काढत होते. ती बघून उषा सहज म्हणाली, लीलाताई, याचं वरचं कवच कशाचं असतं ठाऊक आहे का? हे सांगत होते, जनावरांची हाडं आणि कातडी उकळून करतात. मग साबुदाणा घेऊन ती गेली. मी त्या ताटलीकडे बघत राहिले. पाच महिने दिलं ते अजाणता दिलं, ते देव माफ करतो. उद्यापासून चातुर्मास. उद्यापासून जाणूनबुजून दिलं तर नवस मोडला, आणि नवस मोडला तर देव ज्या हाताने दिलं त्याच हाताने काढून घेईल. हे तुम्हाला हसण्यासारखं वाटत असेल. ज्याचं पोर उसन्या किडनीवर जगतंय त्याला हसू येत नाही.

औषध बंद करावं असं माझ्या स्वप्नातही आलं नाही, एवढी मी हौली, खुळी नाही. मी वाट काढली. दवाखान्यात सारंगच्या शेजारच्या खाटेवर वरंगलचा एक मास्तर होता, तो हेच औषध बाटलीतून घ्यायचा, तेलासारखं, दुधात घालून. म्हणजे आत तेलच की. मग कवच कशाला पाहिजे? एकादशीच्या संध्याकाळी दिवा लावला, सुईने कॅप्सूल टोचली आणि आतलं तेल देवाच्या चांदीच्या वाटीत पिळलं. त्याला दारूसारखा भपकारा येत होता. म्हटलं, असू दे, औषधात दारू चालते, हाड चालत नाही. शास्त्र मीच, भटजी मीच. वर दूध घातलं, आणि कवच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्यावर हात धुतले.

सारंगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, हौ, एकच बात है, तो वरंगलवाला घेत होताच की. मग थोडा थांबून म्हणाला, फक्त वैशूला नको सांगू, नाहक चिडेल. सकाळची कॅप्सूल ती तिच्या हाताने अख्खी देतच होती. नवस माझ्या हाताचा होता, तिच्या हाताचा नव्हता, तेव्हा देवाच्या हिशेबात ते बसत होतं.

एक गोष्ट तेवढी मला खटकायची. वाटी निघता निघायची नाही. दूध पिऊन झालं तरी कडेला तेलाचा चिकट थर राहायचा. साबणाने जायचा नाही, मी राखेने घासघासून काढायची. दिवेलागणीला पिळून ठेवलेलं ते दूध आठपर्यंत देवापुढे असायचं, त्यामुळे थर आणखी धरायचा. रोज मी तो घासत होते आणि मोरीत सोडत होते, आणि माझ्या डोक्यात एकदाही उजेड पडला नाही.

श्रावणात पुढची तपासणी झाली. वैशालीने रिपोर्टचं पाकीट उघडलं आणि कागद दोनदा वाचला. मी म्हटलं, अगं बोल की. ती म्हणाली, दोन पूर्णांक एक. मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. सारंग हसायचा प्रयत्न करत होता, म्हणत होता, लॅबवाल्यांची गलती असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. दोन पूर्णांक तीन.

डॉक्टरांनी त्याला लगेच भरती करून घेतलं. हैदराबादी हिंदीत त्यांनी सारंगला विचारलं, एखादा डोस चुकला का, उशीर झाला का, उलटी झाली का? सारंग म्हणाला, नाही सर, एकही नाही. आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खोटं तोही बोलत नव्हता, डोस चुकलाच नव्हता. पण त्या बघण्यात एक प्रश्न होता आणि तो मला ऐकू आला. त्या क्षणापासून मला वाटी दिसायला लागली. डोळे मिटले तरी वाटी, उघडले तरी वाटी.

डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की शरीर किडनी नाकारतंय. तीन दिवस मोठी इंजेक्शनं द्यायची. रक्तात ते औषध किती उरलंय हे बघायचीही एक तपासणी होती, पण ते रक्त मुंबईला जायचं आणि उत्तर यायला पाच दिवस लागायचे. तीन दिवस इंजेक्शनं झाली. आकडा दोन पूर्णांक तीनवर अडून बसला. सारंगचं तोंड सुजलं, लघवी कमी झाली. तो माझ्याशी बोलायचा थांबला. रागाने नाही, त्यालाही माझ्यासारखीच भीती वाटत होती, आणि दोघांची भीती एकाच गोष्टीची होती.

आता माझं पाप ऐका, कारण वाटीपेक्षा हे मोठं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी घरी डबा करायला आलो होतो. वैशाली पोळ्या लाटत होती. भीतीने माणूस एक तर गप्प होतं नाही तर चावतं. मी चावले. म्हटलं, तुझ्या माहेरी सगळ्यांनाच मुतखड्याची खोड, किडनी घेतली तेव्हाच कुणी बोलायला हवं होतं. तिने लाटणं खाली ठेवलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मग तिने पोळी उचलून तव्यावर टाकली. चोर मी आणि बोंब तिच्या नावाने. तिथंच जीभ हासडून टाकावी असं मला वाटलं, पण जिभेने खरंही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. म्हणाले, औषध पूर्ण चालू असूनही शरीर नाकारतंय, इंजेक्शनांनाही दाद देत नाही, म्हणजे मामला जोराचा आहे. आता एक जालीम औषध उरलंय. ते शरीराची सगळी ताकदच झोपवतं. किडनी वाचू शकते. पण त्या दिवसांत साधा खोकला झाला तरी माणूस हातचा जाऊ शकतो. आज संध्याकाळी सहाला सुरू करू. त्यांनी वैशालीपुढे कागद सरकवला, सही करा म्हणाले. मला वरंगलचा मास्तर आठवला. त्याला तेच दिलं होतं. त्याची खाट होळीच्या आधीच रिकामी झाली होती.

वैशालीने पेन हातात घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "माझीच किडनी खराब होती का?"

डॉक्टर म्हणाले, तसं नसतं, कुणाचाच दोष नसतो. तिने मान हलवली, पण तिचा डावा हात आपोआप कुशीवर गेला होता, टाके होते तिथं. ती तिथं असा हात ठेवून उभी होती की जणू आत काहीतरी चुकीचं घडलंय आणि ते तिनेच केलंय. मी ते बघितलं. बोलले असते तर ती मला कधी माफ करणार नव्हती, माझा पोरगा मला नजरेतून उतरवणार होता. गप्प राहिले असते तर संध्याकाळी सहाला ते जालीम औषध त्याच्या शिरेत जाणार होतं. एवढी फटकळ मी, आणि त्या पेनाकडे बघत राहिले.

ती सही करायला वाकली तेव्हा मी तिच्या हातातलं पेन ओढून घेतलं.

"औषध पूर्ण चालू नव्हतं," मी म्हटलं. "संध्याकाळचं मी मोरीत घालवलं."

मग सगळं सांगितलं. नवस, उषा, सुई, वाटी, राख. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, मधेच तेलुगूत. डॉक्टर आधी समजले नाहीत, मग समजले, मग खुर्चीतून उठले. किती दिवस, त्यांनी विचारलं. मी बोटांवर मोजलं आणि म्हटलं, एकादशीपासून भरती होईपर्यंत, एकतीस संध्याकाळी. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अम्मा, त्या मास्तरला बाटलीबरोबर मोजायची नळी होती, काचेचा ग्लास होता, तो ग्लास पुन्हा विसळून प्यायचा होता. वाटीत पिळून तासदीड तास ठेवायचं ते औषध नाही. अर्धं कॅप्सूलमध्ये राहिलं, उरलेलं वाटीला लागलं, पोराच्या पोटात काय गेलं, वास? ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जालीम औषध त्यांनी थांबवलं. कॅप्सूल वाढवली, जुनी इंजेक्शनं आणखी दोन दिवस दिली आणि म्हणाले, आता वाट बघायची. दुसऱ्या दिवशी मुंबईचं उत्तर आलं. रक्तात ते औषध जवळजवळ नव्हतंच. रक्त सकाळी घेतात, त्यात आदल्या संध्याकाळचंच दिसतं, आणि आदल्या संध्याकाळी मी होते.

पुढचे पाच दिवस वैशाली माझ्याशी कामापुरतं बोलली. डबा आणा, पाणी उकळलं का, चादर बदला. मी तिच्या पाया पडायला गेले तर ती मागे सरकली आणि म्हणाली, असं करू नका, लोक बघतायत. सारंग एकदाच बोलला. म्हणाला, आई, मीच वैशूला नको सांगू म्हटलं होतं. त्याच्या उशाशी बसून मी रडले, आणि त्याने माझा हात धरून ठेवला. नवसाचं मी काही बोलले नाही. देवापुढे जायला मला आता तोंड नव्हतं. मोडला तर मोडला, मला शिक्षा दे, एवढंच म्हणत होते.

आकडा उतरायला लागला. दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक नऊ. मग एक पूर्णांक सातवर येऊन थांबला आणि तिथून हलेना. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, आता इथंच राहील. जेवढी किडनी गेली तेवढी परत येत नाही. दहा वर्षं चालली असती ती कदाचित सहा चालेल, कदाचित जास्त, कुणी सांगावं. एक पूर्णांक तीन आणि एक पूर्णांक सात. मधलं जे आहे ते मी राखेने घासून मोरीत सोडलं, हे मला मरेपर्यंत कुणी विसरायला लावू शकत नाही.

घरी आलो त्याच दिवशी संध्याकाळी वैशाली क्लासला जायला निघाली. मी म्हटलं, जाऊ नकोस, संध्याकाळची तू दे, नाही तर उषाला सांग, कुणालाही सांग, मी त्या पाकिटाला हात लावणार नाही. ती चपला घालत होती. एक पाय चपलेत, एक बाहेर, अशीच ती आत आली, कपाटातून कॅप्सूलचं पाकीट काढलं आणि माझ्या मुठीत दाबलं.

"माझ्याजवळ दोनच होत्या, आई," ती म्हणाली. "एक सारंगमध्ये आहे, आणि एक मला लागते. हे तुमच्याइतकं आता कुणाला कळलेलं नाही. म्हणून तुम्हीच द्यायची."

ती निघून गेली. सातपासून मी घड्याळासमोर बसले. आठला कॅप्सूल अख्खी त्याच्या जिभेवर ठेवली, वर ग्लासभर पाणी दिलं, आणि एकोणतीस वर्षांच्या माझ्या पोराला म्हटलं, तोंड उघड. जीभ वर कर. आता इकडून दाखव. तो हसला. मी हसले नाही. गालाच्या आत बोट घालून मी दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि मग पुन्हा एकदा बघितलं.